जागतिक विदा केंद्रे

जागतिक विदा केंद्रे ही भूचुंबकत्व, हवामान, सागरविज्ञान, सौरक्रिया इत्यादी विषयांतील निरीक्षणे जतन करून सर्व देशांच्या संशोधकांना पुरवणारी व्यवस्था होती. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी (१ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८) ती उभारण्यात आली.

या उपक्रमात साठहून अधिक देश सहभागी होते. शीतयुद्धाच्या काळात सर्व नोंदी एकाच देशाच्या हाती सोपवणे कोणालाही मान्य होण्यासारखे नव्हते. म्हणून 'अ' केंद्र अमेरिकेत, 'ब' सोव्हिएत संघात आणि 'क' पश्चिम युरोप, जपान आदी ठिकाणी विषयवार विभागून ठेवण्यात आले. एक केंद्र नष्ट झाले तरी नोंदींच्या प्रती इतरत्र उरणार होत्या. कृत्रिम उपग्रहांविषयीच्या माहितीची देवाणघेवाण मात्र तोकडीच राहिली.

चुंबकीय वादळांच्या अभ्यासकाला सौरडाग, आयनांबर व ध्रुवीय प्रकाश यांच्याही नोंदी लागतात. त्यांची वेळ, एकके आणि उपकरणांतील बदल नोंदलेले नसतील, तर दुसऱ्या शाखेच्या माणसाला ते आकडे निरुपयोगी ठरतात. या दक्षतेचे जुने उदाहरण मुंबईचे आहे. ट्रामगाड्या विजेवर चालणार असल्याने कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवण्यात आली. तेव्हा १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळेच दोन्ही मालिका जोडता येतात. पुढे भूचुंबकत्वाचे एक जागतिक विदा केंद्र मुंबईतही भारतीय भूचुंबकत्व संस्थेत चालवले गेले.

२००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेने या केंद्रांच्या जागी जागतिक विदा प्रणाली स्थापण्याचा निर्णय घेतला.