वऱ्हाडातील ख्रिस्ती घराचा वसंत

धर्मप्रांताचा इतिहास लिहू पाहणारा माणूस प्रथम कपाटातील नोंदवह्या उघडतो. स्नानसंस्कार, विवाह, दफन यांच्या तारखा तेथे सापडतात. कोणते धर्मगुरू कोणत्या साली आले आणि कोणत्या साली बदलून गेले, हेही कळते. मात्र फाल्गुन-चैत्रात ख्रिस्ती घराच्या चुलीवर काय शिजत होते, होळीच्या रात्री त्या घरातील मुले कोठे होती, पाडव्याला त्यांच्या दारात काय होते, याविषयी त्या वह्या अवाक्षर काढीत नाहीत. अमरावती व अकोला जिल्ह्यांत सेवा करताना आम्ही जे पाहिले आणि वृद्ध मंडळींच्या तोंडून जे ऐकले, त्यावरून आमचे असे मत झाले आहे की, वऱ्हाडातील ख्रिस्ती माणसाच्या उपवासकाळाला आणि पास्काच्या सणाला आजचे रूप वेदीपाशी जेवढे मिळाले त्याहून अधिक ते स्वयंपाकघरात आणि शेतात मिळाले.

याचे मूळ येथील वस्तीच्या घडणीत आहे. गोमंतकात वा वसईत श्रद्धेला चार शतकांचा वारसा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते तिकडील भाविकांनी भक्तिभावाने वाचले, गायिले. वऱ्हाडाला असा वारसा लाभला नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६७ पर्यंत भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या मार्गाने नागपूरपर्यंत आगगाडी पोचली. तिच्याबरोबर गोमंतकीय, तामिळ, अँग्लो-इंडियन अशी कुटुंबे आली. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, छावणीत शिपाई होतेच. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला, आणि संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव धारण करणाऱ्या मिशनरी संघाकडे तो सोपविण्यात आला. पुढे चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरसारख्या ठिकाणी कोरकू बांधवांतही श्रद्धेचे रोप रुजले.

परंतु मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांचा विचार करताना १८९९-१९०० चा दुष्काळ विसरून चालत नाही. त्या काळात आमच्या प्रोटेस्टंट बंधूंच्या अलायन्स मिशनने अकोल्यास मुलांचे आणि खामगावास मुलींचे अनाथगृह चालविले. अशा आश्रयस्थानांतून वाढलेल्या मुलामुलींचे विवाह झाले व नवे संसार उभे राहिले. पुढे पंथापंथांत सोयरिकी झाल्या, आणि त्यांतील काही घराणी आज आमच्या धर्मग्रामांतही आहेत. या घरांचे वैशिष्ट्य असे की, त्यांना आजी नव्हती. सण कसा करावयाचा, कोणत्या दिवशी काय रांधावयाचे, बाळंतिणीला काय द्यावयाचे, हे सांगणारी सासू घरात नव्हती. मडमबाईंनी प्रार्थना शिकविल्या, शिवण शिकविले. पुरण वाटावयास मात्र शेजारणीनेच शिकविले. मिशनच्या अहवालांत या शेजारणीला स्थान नाही, ही आम्हास मोठीच उणीव वाटते.

आता पंचांगाकडे वळू. ३२५ सालच्या निकाया परिषदेनंतर जी रीत सर्वत्र रूढ झाली तिच्याप्रमाणे, २१ मार्चच्या दिवशी वा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा पुनरुत्थानाचा रविवार होय. ही पौर्णिमा आपल्याकडे फाल्गुनी तरी असते किंवा चैत्री. म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याभरात होळी तरी येते, नाहीतर हनुमान जयंती. २००८ साली शुभ शुक्रवार २१ मार्चला होता आणि त्याच संध्याकाळी गावोगाव होळ्या पेटल्या. २०१९ मध्ये हनुमान जयंती शुभ शुक्रवारीच आली. २०२४ मध्ये सकाळी झावळ्यांची मिरवणूक झाली आणि रात्री होळी. येशूने भोगलेल्या यातनांचे चिंतन करावयाचे आणि दारापुढे चाकोल्यांच्या माळा होळीत पडत असावयाच्या, हा वऱ्हाडी ख्रिस्ती मुलाचा बालपणापासूनचा अनुभव आहे. पूर्वी अशा वेळी मुलांना घरात कोंडून ठेवीत, असे म्हाताऱ्या सांगतात. त्या असेही सांगतात की, दुसऱ्या दिवशी पळसाचा रंग लागलेला सदरा गुपचूप धुतला जाई.

पाडव्याचा प्रश्न अधिक गंभीर होता, आणि तो धार्मिक नसून पोटाचा होता. वऱ्हाडात सालदाराचे साल पाडव्याला सुरू होऊन पुढच्या पाडव्याला संपते. मालक तोच राहिला तर ठीक, नाहीतर बिऱ्हाड दुसऱ्या गावी. ज्या वर्षी पास्काची पौर्णिमा चैत्रातली असे, त्या वर्षी पाडवा ईस्टरच्या दोन-तीन आठवडे आधी, उपवासकाळातच येई. मग सालदारी करणारे ख्रिस्ती कुटुंब नव्या मालकाच्या शेतावर नुकतेच रुजू झालेले असे, आणि पवित्र सप्ताहाचे तीन दिवस सुटी मागावयाची कोणत्या तोंडाने? पौर्णिमा फाल्गुनातली असली की ईस्टर आधी व पाडवा मागाहून. साल सरत आलेले, कापूस वेचून झालेला, गहू-हरभरा खळ्यावरून घरी आलेला. मालक सुटीला ना म्हणत नसे, पण हिशेब व्हावयाचा असल्यामुळे हातात पैसा नसे. एका वर्षी सण मोकळा पण रिकाम्या खिशाचा, दुसऱ्या वर्षी उचल मिळालेली पण पाय बांधलेले. धर्मशिक्षण देताना आम्ही ईस्टरची तारीख कशी ठरते हे फळ्यावर समजावून देतो. या लोकांना ती अशी समजलेली होती.

उपासाचेही असेच. १९५३ पूर्वीचा नियम असा होता की, ख्रिस्तप्रसाद स्वीकारणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेऊ नये. युरोपच्या मार्च-एप्रिलात हा नियम पाळणे वेगळे आणि अकोल्याच्या एप्रिलात वेगळे. तेथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दूरच्या खेड्यातून बैलगाडीने किंवा पायी देवळात येणाऱ्या गरोदर बाईने, म्हाताऱ्याने काय केले असेल याची कल्पना करावी. पोप बारावे पायस यांनी १९५३ साली पाणी पिण्याची मोकळीक दिली, १९५७ साली उपासाची मर्यादा तीन तासांवर आणली, आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. १९६६ पासून संपूर्ण उपवास राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी एवढाच बंधनकारक राहिला. कष्टाची कामे करणाऱ्यांना नीतिशास्त्राने उपवासातून आधीही सूट दिलेली होती. पण ती सूट घेण्यास आमची शेतमजूर माणसे लाजत असत, असेच सर्वत्र ऐकावयास मिळते.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. पूर्वी पुनरुत्थानाच्या जागरणाचा विधी शनिवारी सकाळीच उरकला जाई, आणि भर उजेडात मेणबत्ती पेटवून ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ म्हटले जाई. शुभ शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद केवळ धर्मगुरू घेत. नोव्हेंबर १९५५ च्या आदेशाने पवित्र सप्ताहाची पुनर्रचना झाली व ती १९५६ पासून सर्वत्र लागू झाली. अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपुरातून वेगळा झाला, बिशप जोसेफ आल्बर्ट रोझारियो त्याचे पहिले महागुरू झाले. मराठवाडाही तेव्हा त्यातच होता. औरंगाबादचा धर्मप्रांत १९७७ साली निराळा झाला. म्हणजे या धर्मप्रांताचा पहिलाच पवित्र सप्ताह नव्या विधीने पाळला गेला. त्या वर्षी ईस्टर १ एप्रिलला होता आणि होळीची पौर्णिमा त्याच सप्ताहात आली होती. रात्री अंगणात अग्नी पेटवून त्याभोवती जमणे हे वऱ्हाडी माणसास समजावून सांगावे लागले नसावे.

आता घरात जाऊ. फाल्गुन-चैत्र हे वाळवणाचे दिवस. गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, चीक शिजवून कुरडया घालावयाच्या. शेवया, पापड, आणि काड्यांवर वळलेले सरगुंडे. ही कामे एकटीने होत नाहीत, आळीतल्या चार बायका एकत्र याव्या लागतात. त्यामुळे उपवासकाळात, जेव्हा ख्रिस्ती घरी मांस-मच्छी बंद असे, तेव्हाच ते घर शेजारणींनी सर्वांत अधिक भरलेले असे. क्रुसाच्या वाटेची भक्ती शुक्रवारी संध्याकाळी; सकाळी खाटेवर कुरडया. पुरणपोळीवरून घरोघरी वाद झाले. होळीचा म्हणून नैवेद्य नको, पण शेजाऱ्याचे ताट परत कसे पाठवावे? अनेक घरांनी मार्ग असा काढला की, ताट घ्यावे आणि आपण पुरण ईस्टरला घालावे, म्हणजे परतफेडही होते. दारी गुढी नसे. तांब्याही नाही, साडीही नाही. कडुनिंबाचा कोवळा पाला मात्र त्या दिवशी बहुतेक जण खात, कारण तो औषध होता. रोमने भारतीय उपासनेसाठी आरती, अंजली, पंचांग प्रणाम इत्यादी बारा गोष्टींना १९६९ साली मान्यता दिली. काय घ्यावे, काय टाळावे याची निवड या बायकांनी त्याच्या कितीतरी आधी केली होती आणि कोणाचीही परवानगी मागितली नव्हती. धर्मगुरू या नात्याने आम्हास त्यांची सर्वच निवड पटते असे नाही. पण ती अविचाराने झाली नव्हती.

झावळ्यांच्या रविवारी वऱ्हाडात नारळाच्या झावळ्या कोठून आणाव्या? नाल्याकाठची शिंदी आहे. तिची पाने काटेरी असतात व मुलांच्या हाताला बोचतात. ती येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवली जातात आणि वर्षाने त्यांचीच राख कपाळी लागते. शुभ शुक्रवारी दुपारच्या विधीनंतर पुष्कळ गावी टाळ-मृदंगावर भजन होते. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पदे कॅथलिकही निःसंकोचपणे म्हणतात. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, हे येथील बायकांना आवर्जून सांगावेसे वाटते. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांना २०१६ पासून बसता येते. शेतातल्या भेगाळलेल्या टाचा ओंजळीत घेताना आम्हास नोंदवह्यांत नसलेला तो सारा इतिहास डोळ्यांपुढे दिसतो.

रविवारी पहाटेपासून चुली पेटतात. मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकर, शेवयांची खीर, आणि ऐपत असेल तेथे पुरणपोळी. पहिले ताट शेजारी जाते. कुरडया त्या दिवशी तळतात. सरगुंडे मात्र कोणी काढीत नाही. ते आमरसाबरोबर खावयाचे, आणि ईस्टरला वऱ्हाडात आंबा अजून पिकलेला नसतो.