खालच्या सुराचे मानकरी

संगीताचा इतिहास म्हणून आपण जो वाचतों तो बहुतांशीं वरच्या सुराचा इतिहास असतो. गवयाचें नांव राहतें, कवीचें राहतें, नटाचेंहि राहतें. पण ज्याच्या एका स्थिर, खालच्या नादावर या साऱ्यांनीं आपले मजले चढविले, त्याचें नांव विचारावयास गेलें तर उत्तर मिळत नाहीं. घराचा पाया जमिनींत गाडलेला असतो म्हणून तो कोणी पाहत नाहीं; खर्ज धरणाऱ्याचें तसेंच आहे. तो चुकला तरच श्रोत्यांना त्याची आठवण होते. विलायतेंत 'पब' म्हणून जीं पानगृहें आहेत तेथें दिवसा कचेरींत वा कारखान्यांत राबणारे हौशी वादक रात्रीं जमतात, आणि त्यांत 'बेस' वाजविणारा बहुधा मागच्या बाजूस उभा असतो. आपल्याकडे पानगृहांतील संगीताची ती परंपरा नाहीं. परंतु दिवसभर शेतांत वा दुकानांत काम करून रात्रीं बिदागीची अपेक्षा न ठेवतां खालचा सूर धरणारा मनुष्य आपल्या खेड्यापाड्यांत शतकानुशतकें आहे. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुका डोळ्यांपुढें ठेवून त्याचा इतिहास येथें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

'खर्ज' हा शब्द 'षड्ज' याचेंच लोकांच्या तोंडीं घडलेलें रूप. पहिला, आधाराचा स्वर तो खर्ज. आणि पुढें साऱ्या खालच्या, घुमणाऱ्या आवाजालाच आपण खर्जाचा आवाज म्हणूं लागलों. या आधाराचा शास्त्रीय विचार मराठवाड्याला नवा नाहीं. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. नादाचीं तीन स्थानें सांगतांना त्यानें मंद्र हृदयांत, मध्य कंठांत आणि तार मस्तकांत ठेविला आहे. त्याच ग्रंथांत गायकवृंद कसा असावा याचाहि हिशेब आहे. उत्तम वृंदांत चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार बांसरीवाले आणि चार मृदंगवादक असावेत असें तो सांगतो. बेरीज केली तर बत्तीस होतात. त्यांत मुख्य म्हणावेत असे चारच, आणि बाकीचे अठ्ठावीस साथीचे. शास्त्रकारानें साथीदारांची संख्या नेमकी नोंदविली हें त्याच्या दृष्टीचें वैशिष्ट्य होय. त्यांचीं नांवें नोंदविणें हें मात्र ना त्याचें काम होतें, ना पुढें कोणीं तें अंगावर घेतलें.

आतां आष्टीकडे वळूं. प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. १८१८ च्या फेब्रुवारींत जेथें बापू गोखले धारातीर्थीं पडले ती आष्टी ही नव्हे; ती सोलापूर जिल्ह्यांतील. आपली आष्टी बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकास आहे. १९४८ पर्यंत ती हैदराबाद संस्थानांत होती, आणि तिच्या शेजारचा जामखेड तालुका इंग्रजी अमलाखालील नगर जिल्ह्यांत. म्हणजे हा मुलूख सरहद्दीचा. याच जामखेड तालुक्यांतील खर्डा येथें ११ मार्च १७९५ रोजीं मराठे आणि निजाम यांची प्रसिद्ध लढाई झाली. राज्यांची सीमा गांवांच्या मधून गेली तरी तमाशाचे फड, गोंधळी आणि कीर्तनकार यांना ती अडवूं शकली नाहीं. तालुक्यांतीलच सावरगांवाजवळ मायंबा येथें मच्छिंद्रनाथांचें स्थान आहे, आणि डोंगरापलीकडे पाथर्डी तालुक्यांत मढी येथें कानिफनाथांचें. यात्रेकरू दोन्हीकडचे, आणि वाद्येंहि दोन्हीकडचीं.

खर्ड्याच्या लढाईवर पोवाडे रचले गेले. पोवाड्याची मांडणी पाहिली तर शाहीर पुढें डफ घेऊन उभा, आणि मागें झील धरणारे सुरते. त्यांपैकीं एकाच्या हातांत तुणतुणें. लांकडाचें एक पोकळ नळकांडें, त्याच्या तळाला कातडें, बाजूला ठोकलेली काठी, आणि कातड्यापासून काठीच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार, एवढाच त्याचा संसार. त्यावर राग वाजत नाहीं, तान वाजत नाहीं; एकच स्वर, पण तो रात्रभर. शाहीर वीररसांत कितीहि वर गेला तरी परत येण्याचें ठिकाण त्या एका तारेनें राखलेलें असतें. ऑकवर्थ आणि शाळिग्राम यांनीं १८९१ मध्यें ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्यामुळें कित्येक शाहिरांचीं नांवें काळाच्या तडाख्यांतून वांचलीं. तुणतुणेंवाल्यांचीं वांचलीं नाहींत. याला एक सुंदर अपवाद नांवांतच दिसतो. होनाजी शिलारखाने कवनें रचीत आणि बाळा करंजकर तीं गात. लोकांनीं दोघांची जोडी करून 'होनाजी बाळा' असें एकच नांव रूढ केलें. तेथें रचणाऱ्याबरोबर गाणारा तरला. परंतु गाणाऱ्याच्याहि मागें उभा असलेला तिसरा मनुष्य तरला नाहीं.

या तुणतुण्याचें एक दूरचें भावंड विलायतेंत सांपडतें. १९५६-५७ च्या सुमारास इंग्लंडांत 'स्किफल' नांवाच्या गाण्याची मोठी लाट आली. मोठा 'डबल बेस' विकत घेण्याची ऐपत नसलेल्या तरुणांनीं चहाचें रिकामें लांकडी खोकें उलटें ठेविलें, त्याला केरसुणीचा दांडा लाविला, आणि दांड्याच्या टोकापासून खोक्यापर्यंत एक दोरी ताणली. झालें बेसचें वाद्य! पुढें जगप्रसिद्ध झालेले 'बीटल्स' ज्या शाळकरी मेळ्यांतून निघाले, त्या 'क्वॉरीमेन'जवळहि १९५७ मध्यें असलेंच खोकें होतें. तिकडे अमेरिकेंत लिओ फेंडर यानें १९५१ मध्येंच विजेवर चालणारी, गळ्यांत अडकवितां येणारी बेस-गिटार बाजारांत आणली होती. ती हळूहळू सर्वत्र पसरली आणि खोकें अडगळींत गेलें. आष्टीचा सुरत्या आणि लिव्हरपूलचा पोरगा यांना एकमेकांची वार्ताहि नव्हती. तरी पेटी, काठी आणि एक तार या तीनच वस्तूंपाशीं दोघे येऊन पोंचले. गरिबीच्या घरीं खालचा सूर असाच जन्मतो.

भजनांत हें काम मृदंगाच्या डाव्या तोंडाकडे येतें. उजव्या पुडीवर काळी शाई कायमची असते. डाव्या, मोठ्या पुडीवर मात्र वाजविण्यापूर्वीं भिजविलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो आणि वाजवून झाल्यावर खरवडून काढावा लागतो. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ येतो, जास्त झाली तर बसका. ती सुकूं लागली कीं पुन्हां पाण्याचा हात फिरवावा लागतो. या साध्या गोळ्यामागें मोठें शास्त्र आहे. नुसत्या ताणलेल्या वर्तुळाकार कातड्यांतून निघणारे उपस्वर मूळ स्वराशीं सरळ पटींत नसतात, म्हणून साध्या ढोलाचा आवाज गोंगाटासारखा वाटतो. मध्यभागीं शाईचें योग्य वजन दिलें कीं ते उपस्वर मूळ स्वराच्या पटींत येऊन बसतात आणि कातडें तारेसारखें सुरेल बोलूं लागतें. ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्यें दाखवून दिली, आणि १९३४ मध्यें त्यावर अधिक सविस्तर लिहिलें. डाव्या बाजूच्या कणकेनें पुडीचें वजन वाढतें, कंप मंद होतात आणि स्वर खालीं उतरतो. ज्या गृहिणीनें भाकरीच्या पिठाशेजारीं मृदंगासाठीं मूठभर कणीक काढून ठेविली, तिचाहि त्या खर्जांत वांटा आहे, हें शास्त्रज्ञ सांगणार नाहींत, इतिहासकारानें सांगावें.

येथपर्यंत 'हौशी' हा शब्द सहज वापरला. परंतु इतिहासानें त्याची झाडती घेतली पाहिजे. हौस करण्याची मुभा गांवांत सर्वांना सारखी नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ साली 'गांव-गाडा' लिहून बलुत्याअलुत्यांच्या व्यवस्थेचें जें चित्र काढलें, तें पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं हलगी वा डफडें वाजविणें हें कित्येक जातींच्या वांट्यास हक्क म्हणून जितकें आलें, त्याहून अधिक सक्ती म्हणून आलें. पाटलाच्या घरचा मुलगा मृदंग शिकला तर ती आवड. मांगवाड्यांतला मुलगा हलगी शिकला तर ती चाकरी. वाजविणारे दोन्ही हात सारखेच कसलेले. पण एकाला भजनांत बसावयास घोंगडी मिळे, दुसऱ्याला मिरवणुकीपुढें उन्हांत चालावें लागे. म्हणूनच १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गांवीं पूर्वाश्रमीच्या महार समाजानें गांवकीचीं इतर कामें टाकलीं तशी वाजंत्रीहि टाकली. संगीताचें त्यांत नुकसान झालें असें म्हणणाऱ्यांनीं हें विसरूं नये कीं, ज्याला 'नाहीं' म्हणतां येत नाहीं त्याच्या वाजविण्याला कलेची सेवा म्हणणें ही आपली सोय असते. ज्याला नकार देतां येतो, त्याच्याच होकाराला हौस म्हणावें.

अशी खरी हौस आणि खरा मान एकत्र पाहावयाचा असेल तर अखंड हरिनाम सप्ताहांत जावें. बीड-नगरच्या या डोंगरपट्ट्यांत सप्ताहाची परंपरा फार जोमदार आहे. भगवानबाबा (१८९६-१९६५) यांच्यासारख्या सत्पुरुषांनीं ती गांवोगांवीं रुजविली. सप्ताहाचा मुख्य नियम असा कीं, सात दिवस आणि सात रात्री वीणा खालीं ठेवावयाची नाहीं. एकानें दुसऱ्याच्या गळ्यांत घालावयाची, पायां पडावयाचें, आणि मगच बाजूस व्हावयाचें. सात दिवसांचे तास एकशें अडुसष्ट. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर चौऱ्यांशीं पाळ्या होतात. त्या पाळ्या धरणारे कोण? शेतकरी, शिंपी, गांवचा मास्तर, किराणा विकणारा. या वीणेवर सूर दाबावयाचे नसतात. मोकळ्या तारा छेडीत उभें राहावयाचें. कौशल्य म्हणाल तर जवळजवळ नाहीं. पण पहांटे तीनच्या पहाऱ्याला, श्रोता एकहि नसतांना, झोपेशीं झगडत तार न थांबविणें याला जें लागतें तें कौशल्याहून निराळें आहे. आणि मान पाहा: मोठ्यांतला मोठा कीर्तनकार आला तरी तो प्रथम वीणेकऱ्याच्या पायां पडतो, दिंडींत वीणेकरी हाच प्रमुख.

जगाच्या संगीतांत बेस वाजविणारा मागें उभा असतो. शाहिराच्या फडांत तुणतुणेंवाला मागें उभा असतो. वारकऱ्यांनीं मात्र सर्वांत सोपें वाद्य घेणाऱ्यास मध्यभागीं उभें केलें आणि गाणाऱ्यांना त्याच्या पायांशीं वांकविलें. गाणें अनेकांचें असतें, परंतु अखंडता एकाच्या हातीं असते, हें त्यांनीं ओळखलें. मराठी समाजाच्या इतिहासांत या विचाराला जितकें महत्त्व मिळावें तितकें अद्याप मिळालेलें नाहीं.

या परंपरेपुढें आज अडचणी आहेत त्या निराळ्या. १९७९ मध्यें बंगळूरच्या राजनारायण यांनीं विजेवरचा तंबोरा तयार केला. कळ दाबली कीं स्वर चालू, आणि त्याला झोप येत नाहीं. शहरांतील विद्यार्थ्याला त्याचा उपयोग मोठा, यांत वाद नाहीं. गांवांत मिरवणुकींपुढें आतां कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहतात, आणि त्यांतील खर्ज खिडक्यांचीं तावदानें हलवितो. पण तो कोणाच्या हातांतून येत नाहीं. याहून खोल अडचण पोटाची आहे. आष्टी-पाटोद्याचा हा भाग पर्जन्यछायेंतील. दसरा-दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतील लाखों माणसें कोयता घेऊन ऊंसतोडीला जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. ज्याच्या हातांत मृदंग असावा त्याच्या हातांत सहा महिने कोयता. सप्टेंबर २०२२ मध्यें नगर ते आष्टी ही आगगाडी सुरू झाली. ती गांवच्या तरुणाला शहरांत नेईल, आणि भजनाच्या रात्रीं परत आणील कीं नाहीं हें त्याच्या पगारावर अवलंबून राहील. हौस ही फावल्या वेळांत वाढते. फावला वेळ नसलेल्या माणसाकडून परंपरेची अपेक्षा करणें हा पुन्हां एक प्रकारचा बलुत्याचाच हिशेब होईल.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला एक काम आजच करतां येण्यासारखें आहे. सप्ताहाची जी छापील पत्रिका निघते, तींत कीर्तनकारांच्या नांवांखालीं बारीक टाइपांत मृदंगाचार्य, गायनाचार्य, पेटीवाले, चोपदार आणि वीणेकरी यांचीं नांवें गांवासह दिलेलीं असतात. ऑकवर्थ-शाळिग्रामांना जीं नांवें मिळालीं नाहींत, तशीं नांवें दरवर्षीं आपोआप छापलीं जातात, आणि सप्ताह उठला कीं त्याच कागदांत फुटाणे बांधले जातात. राजांच्या सनदा आणि सरदारांचीं पत्रें जपण्यासाठीं आपल्या पूर्वसूरींनीं दफ्तरें पालथीं घातलीं. एखाद्या तालुक्याच्या वाचनालयानें या पत्रिका सालवार लावून एका पेटींत ठेविल्या, तर पन्नास वर्षांनीं आष्टीच्या संगीताचा इतिहास लिहूं पाहणाऱ्याला खालचा सूर कोणीं धरला होता हें शोधावें लागणार नाहीं. तें त्याला वाचतां येईल.