टप्पा चुकवणारा खेळ

२००७च्या सुमारास जालन्यातल्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी ‘क्रिकेट ०७’ खेळायचो. मैदानावर माझा चेंडू कधी टप्प्यावर पडला नाही; संगणकावर मात्र मी मॅकग्रा! खेळपट्टीवरची खूण हवी तिथे सरकवायची, कळ दाबायची, चेंडू तिथेच. चुकण्याची सोयच नव्हती म्हणा ना.

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या खेळांनी ही सोय आधीच मोडली होती. २०११च्या ‘एमएलबी ११ द शो’मध्ये चेंडू फेकायला कंट्रोलरची इवलीशी दांडी मागे ओढून नेमक्या क्षणी पुढे रेटायची. अंगठा तिरका गेला, की चेंडूही भरकटे. क्रिकेटमध्ये तसा कस लावला २०१४च्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ने. ऑस्ट्रेलियाच्या बिग अँट स्टुडिओजने टप्प्याची खूणच काढून टाकली. वेगवान गोलंदाजाने उडी घेताना दांडी खाली, चेंडू सोडताना वर. क्षण हुकला, की दिशा-टप्पा दोन्ही गेले. अनेकांना हे जाचक वाटले. मला विचाराल, तर गोलंदाजी संगणकात शिरली ती तेव्हाच.

पहिल्याच षटकात मी दोन वाइड आणि एक फुलटॉस टाकला. शेजारी बसलेला पुतण्या म्हणाला, ‘‘काका, तुम्ही इथंही तस्संच टाकता!’’