भरती आणि बरोबरी



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा, असा कार्यकारी मंडळाचा आग्रह झाला. मी काही लेखक नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, मोर्चात आणि गिरणीत. म्हणून सुरुवात गिरणीपासूनच करतो.

१९८८ साली मी नागपुरातल्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. बदली म्हणजे रोज सकाळी गेटावर जाऊन उभे राहायचे. कायम कामगार कोणी आला नाही तर त्याच्या जागी काम, नाही तर घरी परत. चौथ्या दिवशी माझे नाव पुकारले. जेवणाच्या सुटीत खात्यात तीन-चार टोळकी बसत. मी डबा घेऊन एका टोळक्याजवळ गेलो. एक जण म्हणाला, "जागा नाही." जागा होती. मी मशीनच्या आडोशाला उभ्या उभ्या भाकर खाल्ली. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या विणकराने हाक मारली. तो आपल्या समाजाचा नव्हता. म्हणाला, "उभ्यानं काहून खाऊन राहिला बे पोट्ट्या? ये, बस इथं." त्यानेच मला तुटलेल्या सुताला गाठ मारायची रीत शिकवली.

हजेरीपटावर माझे नाव आधीच लागले होते. पण मी गिरणीचा झालो तो त्या दिवशी. भरती वेगळी आणि बरोबरी वेगळी, हे मला तिथे कळले. पुढे आपला इतिहास वाचत गेलो तेव्हा पानोपानी हीच गोष्ट दिसली. बाहेरचे दार उघडले तरी आत आणखी एक दार असते. आपल्या आज्या-पणज्यांना ही दोन्ही दारे ठोठवावी लागली.

पलटणीचे दार

पहिली गोष्ट फौजेची. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आपले लोक मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ भीमा नदीकाठी उभा आहे. त्यावरची बावीस नावे 'नाक' या अक्षरांनी संपतात. ती आपल्या पूर्वजांची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथे जाऊन त्यांना मानवंदना दिली.

फौजेने नुसता पगार दिला नाही. छावणीत शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. गावात ज्यांना अक्षराची बंदी, त्यांच्या लेकरांना छावणीत पाटी-पेन्सिल मिळाली. आपल्या चळवळीचे अनेक पहिले पुढारी निवृत्त शिपायांच्या घरातले निघाले, याचे कारण हेच.

आणि मग १८९२-९३ च्या सुमारास हे दार बंद झाले. सरकारी डोक्यात 'लढवय्या जाती'चे खूळ शिरले होते. अमुक जात लढवय्यी, तमुक जात नाही, असे ठरवून पलटणी जातवार करण्यात आल्या आणि आपली भरती थांबवली. ज्यांचे बाप-आजे लढून मेले, त्यांना सांगितले की तुम्ही लढणारे नाही! गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त शिपाई. त्यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली. गरज असली की भरती, गरज सरली की घरी. बदली कामगाराला ही रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी हा प्रश्न धसास लावला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन उभी राहिली ती आपल्या कामठीला. १९४६ मध्ये रेजिमेंटचे केंद्रही कामठीलाच आले. आज ते मध्य प्रदेशात सागरला आहे.

आमच्या आजोबांचे एक चुलतभाऊ कामठीला भरती झाले होते. सुटीवर गावी आले तेव्हा खाकी कपडे आणि पायात बूट. गावच्या चावडीसमोरून ते बुटासकट चालत गेले. माझी आजी ही गोष्ट मरेपर्यंत सांगे. ते कोणत्या लढाईत गेले, किती पगार घरी धाडला, हे तिला ठाऊक नव्हते. बूट मात्र पक्के ध्यानात होते.

या इतिहासाचा पुढचा भाग आपण कमी सांगतो. ज्या रेजिमेंटला आपले नाव आहे, ती पुढे सगळ्यांसाठी खुली झाली. आज तिच्यात नाना प्रांतांचे, नाना जातिधर्मांचे जवान एका लंगरमध्ये जेवतात. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे या रेजिमेंटचे दोन अधिकारी देशाचे सरसेनापती झाले. मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार बटालियनचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत लढताना त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे तिघेही आपल्या समाजाचे नव्हते. पण ते महार रेजिमेंटचे होते. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांच्या नावाच्या घरात इतरांना जागा मिळाली. मला याचा कोरेगावइतकाच अभिमान वाटतो.

गिरणी, रेल्वे आणि शाळा

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. खेड्यातून आलेल्या माणसाला भोंग्यावर उठायची सवय नव्हती. सण आला, पेरणी आली की माणूस गावाकडे. जमशेटजी टाटांनी बक्षिसे, पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड अशा सोयी करून नव्या कामगाराला टिकवून धरले. म्हणजे नव्या माणसाला नुसते घेऊन भागत नाही, त्याला रुजवावे लागते, हे मालकालाही कळत होते. आता ती गिरणी उरली नाही.

पण मालकाने गेट उघडले तरी आत जात बसलेलीच होती. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे. महाराने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने कसा घ्यायचा? पगार जास्त तो विणाई खात्यात, आणि तेच खाते आपल्याला बंद. आपल्या विदर्भात तर कित्येक महार घरांत पिढ्यान् पिढ्या जाडेभरडे कापड विणले जायचे. विणणे ज्यांच्या हातात, त्यांना विणाई बंद! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. तेव्हा कुठे तो कामगारांच्या मागण्यांत आला. मालक म्हणाले, हा अन्याय असलाच तर आम्ही केलेला नाही. त्यांचे म्हणणे सगळेच खोटे नव्हते. धोटा बाटतो असे म्हणणारा मालक नव्हता, शेजारच्या साच्यावरचा कामगार होता.

रेल्वेची तीच तऱ्हा. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी हिशेबच मांडला. आपला माणूस आयुष्यभर गँगमनच का राहतो? त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्याला घरात कसा घेणार! स्वतः बाबासाहेब १९१७ मध्ये विलायतेहून शिकून बडोद्याला मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले, तेव्हा शिपाई लांबूनच त्यांच्या टेबलावर फायली टाकत. हुद्दा साहेबाचा, पण प्यायला पाणी मिळेना.

आणि आपल्या नागपूरच्या जाईबाई चौधरी! या माउलीची गोष्ट प्रत्येक मुलीला ठाऊक पाहिजे. त्या हमाली करत, नागपूर-कामठी ओझी वाहत. एका मिशनरी बाईने त्यांना शिकवले आणि शाळेत शिक्षिका म्हणून लावले. अस्पृश्य बाई शिकवते म्हणताच सवर्णांनी मुले काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली. त्या रडत बसल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. १९३७ च्या शेवटी नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. आपल्या बायांना रीतसर बोलावले, मंडपात बसवले, पण जेवणाची पंगत वेगळी मांडली. जाईबाई आणि त्यांच्या सोबतिणींनी लगेच आपल्या महिलांची सभा घेऊन निषेध केला. सभेला बोलावणे ही झाली भरती. पंगत ही बरोबरी.

मैदान

खेळातही तेच. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजाचे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम करत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलत, पण चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही दोघा भावांनी आवाज उठवल्यावर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. म्हणून त्यांचे मोठेपण कमी होत नाही.

अमेरिकेतही निराळे नव्हते. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू गोऱ्यांच्या बेसबॉल संघात आला, तेव्हा त्याच्याच काही साथीदारांनी त्याच्याबरोबर खेळायला नकार दिला. १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी फौजेत समानतेचा हुकूम काढला. तो अमलात यायला पुढे कितीतरी वर्षे लागली. हुकूम एका दिवसात निघतो, मनाला वेळ लागतो.

उपालीचा मान

मग उपाय काय? तथागतांच्या संघात तो अडीच हजार वर्षांपूर्वी दिसतो. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले. सोबत त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्र भगवंतांना म्हणाले, आम्ही शाक्य फार गर्विष्ठ. आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे तो आम्हांला ज्येष्ठ होईल, आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा गर्व उतरेल. भगवंतांनी तसेच केले. काल जो त्यांची दाढी करत होता, त्याच्यापुढे ते वाकले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण याच उपालीने केले.

संघात ज्येष्ठता जातीवर वा पैशावर नव्हे, दीक्षेच्या दिवसावर. आणि नव्या भिक्खूला एकटे सोडत नाहीत. त्याला उपाध्याय असतो, तो त्याला शिकवतो, आजारी पडला तर त्याची काळजीही घेतो. गिरणीतल्या त्या म्हाताऱ्या विणकराने मला यापेक्षा वेगळे काय दिले?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आधी स्वतः भदंत चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंना दिली. त्या दिवशी त्या मैदानावर जुना कोणीच नव्हता. आपण सगळेच नवे होतो.

आणि आपण?

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला मला आवडत नाही. आमची गिरणी बंद पडली आणि मी बुटीबोरीकडे एका सूत कारखान्यात लागलो. तिथे एक बिहारी पोरगा नवा आला. आम्ही सात-आठ जण आपलेच, जय भीमवाले, एकत्र डबा खायचो. तो लांब बसायचा. आम्ही त्याला "ए बिहारी" म्हणायचो, त्याच्या बोलण्याची नक्कल करायचो. कोणी काम समजावून सांगितले नाही. पंधरा दिवसांनी तो दिसेनासा झाला. सुपरवायझरने विचारले, "तो पोरगा कुठे गेला?" तेव्हा माझ्या ध्यानात आले की मला त्याचे नावही माहीत नाही. "जागा नाही" हे शब्द मी त्याला बोललो नाही. पण त्याला तेच ऐकू आले असणार.

ज्याने उभ्याने भाकर खाल्ली, त्यानेच दुसऱ्याला उभे ठेवले. याची लाज मला अजून वाटते.

आपल्या वस्तीत आता नवे भाडेकरू येतात. कोणी छत्तीसगडचे, कोणी गडचिरोली-गोंदियाचे, कोणी दुसऱ्या समाजातून धम्माकडे वळलेले. विहारात येतात, मागच्या चटईवर बसतात, खीर घेऊन निघून जातात. त्यांना त्रिसरण-पंचशील पाठ नसते, म्हणून आपल्यातलेच कोणी हसते. जुन्या कुटुंबांची नावे फलकावर, नव्यांना वर्गणीची पावती तेवढी. हे चालणार नाही.

माझ्या तीन सूचना आहेत. एक, विहारात नवे कुटुंब आले की जुन्या एका कुटुंबाने वर्षभर त्यांचा हात धरावा. दोन, पौर्णिमेच्या वंदनेत दर वेळी एक गाथा एखाद्या नव्या माणसाकडून म्हणून घ्यावी. चुकली तर चुकू द्यावी. तीन, भोजनदानाच्या दिवशी पहिल्या पंगतीत नव्यांना बसवावे आणि कार्यकारी मंडळाने वाढावे.

'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द आपल्या कामठीच्या बाबू हरदासांनी रूढ केला. ते विडी कामगारांचे पुढारी होते. तो शब्द ओळखीच्या माणसापुरता ठेवू नका. पुढच्या रविवारी विहारात मागच्या चटईवर जो कोणी बसला असेल, त्याला आधी जय भीम घाला, नाव विचारा आणि पुढे आणून बसवा.

नमो बुद्धाय! जय भीम!