आजोळ, प्रमाण १ : ५०

"मामा, यातला आपला किल्ला कोन्ता?"

गेल्या दिवाळीत भाच्याने मोबाइल माझ्यासमोर धरून हा प्रश्न विचारला. स्क्रीनवर बारा किल्ल्यांची यादी होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीच ही यादी. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. अकरा महाराष्ट्रातले, पण बुलढाण्याचा एकही नाही.

भाचा आठवीत आहे. आमचं गाव सिंदखेडराजा तालुक्यात, म्हणजे त्याचं आजोळ. दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या एका मंडळाने किल्ले बांधणीची स्पर्धा ठेवली होती. पुण्यात नोकरीला लागल्यापासून मी दर दिवाळीला सोसायट्यांच्या आवारात मातीचे किल्ले बघत आलो आहे. पोती, विटा, गेरू, उतारावर उगवलेले अळीव, बुरुजावर मातीचे मावळे आणि सिंहासनावर महाराज. आमच्या लहानपणी गावात हे फारसं नव्हतं. आता यूट्यूबमुळे सगळीकडे पोचलंय. भाच्याला रायगड करायचा होता, कारण सगळे रायगडच करणार होते.

मी म्हटलं, "आपला किल्ला नाही, पण महाराजांचं आजोळ आपलं आहे."

तो म्हणाला, "मंग त्याचं मॉडेल कोनी का नाही करत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जालन्याहून येणारी एसटी सिंदखेडराजातून जाते. कॉलेजची चार वर्षं आणि नोकरीची सहा, मी त्या बसमधून लखुजीराजांच्या गावाकडे खिडकीतून बघितलं असेल, पण उतरलो एकदाही नाही. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला लाखो लोक येतात, तेव्हा गर्दी नको म्हणून नाही. एरवी घरी जायची घाई म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेप घेऊन गेलो.

*

प्रतिकृती बनवणं हा पोरखेळ वाटतो, पण एके काळी ते राज्यकारभाराचं काम होतं. १६६८ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात, त्याचा युद्धमंत्री लूव्हा याने सरहद्दीवरच्या तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करायला सुरुवात केली. प्रमाण होतं १ : ६००. लाकूड, कागद, रेशीम, वाळू वापरून अख्खं शहर टेबलांवर मांडायचं, म्हणजे पॅरिसमध्ये बसून तोफा कुठे लावायच्या हे ठरवता येईल. पुढची दोनशे वर्षं हे काम चाललं. त्यातल्या कित्येक प्रतिकृती आजही पॅरिसच्या लेझँव्हालिद या वास्तूत आहेत. त्या काळी मात्र त्या गुपित होत्या. शत्रूच्या नजरेला पडल्या तर किल्ल्याची चावीच त्याच्या हातात गेली असती.

इकडे सह्याद्रीत त्याच्या तीनच वर्षं आधी, १६६५ मध्ये, पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले होते आणि १६७० पासून ते परत घेतले जात होते. तिकडे राजाने प्रतिकृती कुलपात ठेवल्या. आपल्याकडे तीनशे वर्षांनी पोरं त्या अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा मांडतात. मला हा फरक आवडतो.

प्लास्टिकच्या विमानांचे किट जोडणारे १ : ७२ म्हणतात, तेव्हा त्यामागेही साधा हिशोब असतो. सहा फुटांचा माणूस एक इंच. प्रमाण ठरलं की मनाला येईल तसं करता येत नाही. एक भिंत मोठी केली की सगळंच मोठं करावं लागतं. अंगणातल्या रायगडावर महाराज नगारखान्याएवढे असतात ते भक्तीचं प्रमाण. आम्ही ठरवलं, आपण १ : ५० करायचं आणि लखुजीराजांची समाधी करायची.

*

समाधी का, ते सांगतो. लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले मोठे सरदार. मध्ये काही वर्षं मोगलांकडे जाऊन परत आलेले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, दरबारात बोलावून, त्यांची हत्या झाली. सोबत मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव. जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी गेले. त्यानंतर शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. आणि जेमतेम सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले.

या दोन तारखा शाळेत मी वेगवेगळ्या धड्यांसाठी पाठ केल्या होत्या. एकीखाली दुसरी लिहून कधी वजाबाकी केली नव्हती. माहेर उद्ध्वस्त झालं तेव्हा जिजाऊंच्या पोटात मूल होतं.

मोजमाप सोपं नव्हतं. उंचीसाठी भाच्याला मीटरची पट्टी भिंतीला लावून उभं केलं, लांबून फोटो काढले आणि लॅपटॉपवर पिक्सेल मोजून उंची काढली. भिंती पुठ्ठ्याच्या, वर शाडूचा लेप. खरी पंचाईत झाली जमिनीची.

कारण आम्हाला जमीनही दाखवायची होती. जून २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाचं या समाधीच्या डागडुजीचं काम चालू होतं. तेव्हा खोदताना आधी एका शिवमंदिराचे अवशेष लागले आणि पुढे सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती. सुमारे १.७० मीटर लांब, एक मीटर उंच, पायाशी लक्ष्मी. लोक शतकानुशतकं त्यावरून चालत होते. म्हणजे मे २०२४ मध्ये कोणी कितीही अचूक प्रतिकृती केली असती, तरी ती अपुरीच ठरली असती. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रत्येक आवृत्तीवर क्रमांक टाकतो. इतिहासाच्या प्रतिकृतीवरही तारीख टाकायला हवी, असं मला तेव्हा वाटलं.

भाच्याने आवारातली एक बाजू उभी कापलेली दाखवायची ठरवली. वर समाधी, खाली मातीचे थर, त्यात निजलेला विष्णू, साडेतीन सेंटिमीटरचा. त्यासाठी शेतातली काळी माती आणली. तिसऱ्या दिवशी ती बोटभर फाटली. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. हे मी इंजिनिअरिंगला शिकलो होतो, पायाभरणीच्या धड्यात. आई नुसतं बघून म्हणाली, "भुसा घातला नाही का रे? शेण?" तिने गव्हाचा भुसा आणि शेण कालवून भिंत सारवावी तसा तो थर पुन्हा लावला. मग भेग पडली नाही.

*

स्पर्धेला चौदा किल्ले होते. नऊ रायगड. परीक्षक म्हणून आलेले निवृत्त गुरुजी वही घेऊन फिरत होते. आमच्यासमोर थांबले, चष्मा पुसला.

"महाराज कुठेत?"

नियमावलीत महाराजांच्या मूर्तीला दहा गुण होते. मी काही बोलायच्या आत भाचा म्हणाला, "सर, हे त्यांच्या आजोबाची समाधी हाये. आजोबा गेले तवा महाराज जन्मले नव्हते."

गुरुजींनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. आम्हाला नंबर आला नाही. पहिला आला तो रायगड खरोखर देखणा होता, कारंजं चालणारा. भाचा रडला नाही, पण जेवलाही नाही.

संध्याकाळी पोरं पणत्या लावत असताना गुरुजी परत आले. खिशातून शिंप्याची टेप काढली, खाली बसले आणि जमिनीपासून मूर्तीपर्यंतचं अंतर मोजलं. साडेचार सेंटिमीटर. मनातल्या मनात पन्नासने गुणलं असावं.

"बरोबर आहे," म्हणाले. मग भाच्याला: "दहा गुण कापावे लागले, नियम आहे. मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. २५ जुलै कधी फळ्यावर लिहिलं नाही."

प्रतिकृती आमच्या ओसरीवर आहे. पुठ्ठ्यावर भाच्याने स्केचपेनने लिहिलंय: लखुजीराजे जाधव यांची समाधी, सिंदखेडराजा, प्रमाण १ : ५०, ऑक्टोबर २०२५ पर्यंत माहीत असलेली. ते शेवटचं त्यानेच घातलं. खाली थोडी जागा मोकळी सोडली आहे. अजून काही सापडलं तर लिहायला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीची जागा घेतली. सिंदखेडराजा आलं तेव्हा मान खाली घालून मोबाइल बघत बसलो नाही.