थेंब पडतो तिथे गळत नसतं

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा आतेबहिणीने फोनवर विचारलं, "आंजर्ल्याचं ते जुनं इंजिन भंगारात घातलंत की नाही अजून?" नाही घातलं. का नाही, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे. आणि सांगायचं तर सुरुवात आंजर्ल्यापासून बरीच लांबून करावी लागेल.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरला १८९३ साली त्याच्या इंजिनाचं पेटंट मिळालं. कल्पना साधी. हवा इतकी दाबायची की ती तापते, मग त्यात तेल फवारायचं, ते आपोआप पेटतं. ठिणगी नकोच. १८९७ साली आउग्सबुर्गला त्याचं इंजिन यशस्वीपणे चाललं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण दाबलेल्या हवेत तेल घुसवणं महाकठीण. त्यासाठी डिझेलने त्याहून जास्त दाबाची हवा वापरली, म्हणजे इंजिनाबरोबर भलामोठा कॉम्प्रेसर आला. १९१३ साली इंग्लंडला जाताना डिझेल रात्रीत बोटीवरून नाहीसा झाला. पुढे १९२७ साली बॉशने इंजेक्शन पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतला आणि लहान, आटोपशीर डिझेल इंजिनांची वाट मोकळी झाली.

आपल्याकडे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, १९५१ साली बंगलोरला मायको. आणि कधीतरी हे सगळं खाडी ओलांडून आमच्या वाडीत आलं. त्याआधी रहाट होता. काका लहानपणी रहाटाच्या बैलामागे फिरलेले. इंजिन आलं तेव्हा आजी म्हणाली होती म्हणे, "बैल निदान शेण तरी देतो." पुढे विजेचा पंप आला आणि इंजिन विहिरीजवळच्या खोपीत पडून राहिलं. नावाची पाटीसुद्धा रंगाच्या थरांखाली गेली.

मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग चक्रीवादळ. दुपारी ते श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोलीच्या किनारपट्टीवरच्या नारळी-पोफळी झोपवून गेलं. विजेचे खांब आडवे, फोन बंद. चार दिवसांनी मी पास काढून, ताडपत्र्या आणि डिझेलचे दोन कॅन गाडीत टाकून पुण्याहून पोचलो. काका ओटीवर बसले होते. वाडीकडे पाठ करून. आजोबांनी लावलेल्या पोफळींपैकी किती उभ्या आहेत हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वीज कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. विहिरीला पाणी होतं, पण आळीत सगळे सत्तरीच्या पुढचे. रहाटाने ओढणार कोण? कळशा मी किती भरणार? शिवाय करोनामुळे मला चौदा दिवस कोणाच्या घरात पाऊल टाकायची बंदी. तेव्हा काकूच म्हणाली, "इंजिन बघ की."

मी टाकीत डिझेल ओतलं आणि दहा मिनिटांत खाली डबकं. मोजून आणलेलं डिझेल मातीत! फिल्टरच्या बुडाशी थेंब लोंबत होता, म्हणून मी तिथला बोल्ट आवळला. आणखी आवळला. गळती तशीच.

हर्णैला बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक चाचा काकांचे जुने स्नेही. त्यांना कोणीतरी निरोप दिला. ते आले, पण मी पुण्याचा पाहुणा, म्हणून गडग्यापलीकडेच उभे राहिले. तिथून खोप समोर दिसायची. छप्पर उडालंच होतं! म्हणाले, "पाना खाली ठेवा. आटे जातील. थेंब पडतो तिथे गळत नसतं. तेल नळीवरून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला लोंबतं. आधी सगळं पुसून कोरडं करा."

पुसलं. मग वर पावडर भुरभुरायला सांगितली, अंगाला लावायची. राख नको, कण आत गेला तर पंप खाईल. दोन मिनिटांत पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटली, टाकीच्या कॉकखाली. रबरी नळी क्लिपशेजारी तडकलेली! टोक कापून ती पुन्हा बसवली. दुसरी रेघ फिल्टरच्या वरच्या जोडावर, तिथला तांब्याचा वायसर कडक झालेला. नवा कुठून आणणार? चाचांनी तो चुलीत लाल करून पाण्यात टाकायला लावला. तांबं असं मऊ होतं आणि पुन्हा घट्ट बसतं.

खुशीत हँडल मारायला गेलो तर, "थांबा, आधी हवा काढा." फिल्टरचा स्क्रू सैल केला, बुडबुडे संपेपर्यंत डिझेल जाऊ दिलं. मग पंपाचा. मग डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल फिरवलं. नोझलने कर्र असा आवाज दिल्यावर चाचा म्हणाले, "आता मारा."

इंजिन धडधडलं. आणि नोझलकडच्या नटापाशी बारीक धुकं दिसलं. मी हात पुढे केला, तर चाचा असे ओरडले की काका ओटीवरून उठून आले. इथवरची गळती टाकीच्या उंचीची, इंजिन बंद असतानाही ठिबकणारी. ही पंपानंतरची, फक्त चालू असताना दिसणारी. इथे दाब दोनशे बारच्या आसपास, गाडीच्या टायरच्या जवळजवळ नव्वदपट. ती चिळकांडी कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट जाऊ शकतं. शोधायचं ते पुठ्ठा धरून. इंजिन बंद करून नट सोडला, तर टोकावर वाळूचा कण. पुसला, नळी हाताने सरळ बसवली, मग पान्याने बेताने आवळली.

पुन्हा सुरू केलं. पुठ्ठा कोरडा. पाणी आलं.

काका माझ्या शेजारी उभे होते. बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे चालू ठेव," आणि वादळानंतर पहिल्यांदा वाडीत उतरले. परतले तेव्हा हातात आकडा होता. तो इथे लिहीत नाही, पण शून्य नव्हता.

वीज यायला पुढे कित्येक आठवडे गेले. तोवर रोज संध्याकाळी तासभर आळीच्या टाक्या भरल्या. चाचांनी पैसे घेतले नाहीत. गडग्यावर ठेवलेली सुपारीची पिशवी मात्र नेली.

तर ताई, इंजिन आहे. महिन्यातून एकदा काका सुरू करायला लावतात. आणि तुमच्यापैकी कोणाच्या वाडीत असं धूड पडून असेल, तर विकण्याआधी एकदा पुसून, पावडर टाकून बघा. बहुतेक वेळा दोष इंजिनाचा नसतो. वर्षानुवर्षं त्याच्याकडे कोणी बघितलेलं नसतं, एवढंच.

असो.