लंडनचा ‘वंडरग्राउंड’ नकाशा (१९१४) : नगर-इतिहासाचे एक उपेक्षित साधन

नगराच्या इतिहासाची साधने म्हटली की शासकीय नकाशे, भूमापनाची कागदपत्रे व नगरपालिकांचे अहवाल अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर येतात. आपल्या गावाचे जुने, गमतीदार सचित्र नकाशे शोधत फिरणाऱ्या संग्राहकांकडे मात्र विद्वानांचे फारसे लक्ष गेले नाही. अशा नकाशांत प्रमाण पाळलेले नसते, माणसे घरांएवढी असतात आणि मोकळ्या जागी विनोद लिहिलेले असतात. त्यामुळे ते केवळ करमणुकीची वस्तू ठरले. हा समज कितपत ग्राह्य आहे, हे लंडनच्या एका प्रसिद्ध नकाशावरून तपासता येते.

लंडनच्या भुयारी रेल्वेचे वाणिज्य व्यवस्थापक फ्रँक पिक यांनी १९१३ मध्ये मॅक्डोनाल्ड गिल (१८८४-१९४७) यांच्याकडे या नकाशाचे काम सोपविले. गिल हे वास्तुविशारद व अक्षररचनाकार असून शिल्पकार एरिक गिल यांचे धाकटे बंधू होत. १९१४ मध्ये हा नकाशा स्थानकांवर झळकला. ‘अंडरग्राउंड’ या शब्दात ‘वंडर’ म्हणजे आश्चर्य मिसळून त्याचे नाव सिद्ध झाले आहे. रंग भडक, तर मांडणी मध्ययुगीन नकाशांची आठवण करून देणारी आहे. रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात एक अजस्र पक्षी पिंजऱ्याच्या गजांतून मूल गिळताना दिसतो. पश्चिमेकडील हॅरो रस्त्याजवळ एक शेतकरी राबतो आहे. ‘हॅरो’ म्हणजे कुळव, आणि रस्त्याच्या नावावरील ही कोटी इंग्रजी जाणणाऱ्यासच उमगते.

हा सारा खेळ निर्हेतुक नव्हता. कामावर जाण्यायेण्याच्या वेळा सोडून एरवीही लोकांनी सहलीसाठी गाडीत बसावे, असे पिक यांचे धोरण होते. म्हणजे नकाशा ही मुळात जाहिरात होय, आणि तो वाचताना हे विसरून चालत नाही. त्यात उद्याने, नाट्यगृहे व प्रेक्षणीय वास्तू यांना मोठे स्थान आहे. लंडनच्या गरीब पूर्व भागातील श्रमिकांसाठी १८४५ मध्ये खुले झालेले व्हिक्टोरिया पार्क मात्र नकाशाच्या कडेबाहेर राहिले आहे, आणि नकाशाकाराने ते थट्टेने कबूलही केले आहे. शासकीय नकाशात अशी कबुली सापडणे कठीण. चौकटीवरील मजकुरात या नगराला साम्राज्याचे हृदय म्हटले आहे. भारतीय वाचकाला ती थट्टा वाटणार नाही.

त्याच चौकटीत आणखी एक उपयुक्त पुरावा आहे. सगळा नकाशा पाहण्यास वेळ नसेल तर एक प्रत घरी न्यावी व भिंतीवर लावावी, असे प्रवाशाला पद्यातून सुचविले आहे. स्थानकावर चिकटविलेले भित्तिपत्रक पुढच्या जाहिरातीखाली झाकले जाणार किंवा फाटणार, हे उघडच आहे. घरी नेलेली प्रत टिकण्याचा संभव अधिक. म्हणून जुनी प्रत हाती आली की ती स्थानकासाठी छापलेली की घरासाठी, हे आधी ठरवावे लागते. पुढे झालेल्या पुनर्मुद्रणांमुळे हे काम अधिकच किचकट झाले आहे. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम व व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम येथे मूळ प्रती आहेत. परंतु ज्याला आपल्या गावाचा असा नकाशा हवा आहे त्याने ‘नकाशे’ या नोंदीवर थांबू नये. भित्तिपत्रके, मुद्रितचित्रे व जाहिराती यांच्या सूचीही धुंडाळाव्यात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटन महायुद्धात उतरले. युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या समाधिशिलांसाठी जी अक्षरे वापरली गेली, त्यांची रचना पुढे गिल यांनीच केली. तरीही दीर्घकाळ त्यांचे नाव थोरल्या भावाच्या सावलीत राहिले. २०११ मध्ये ब्रायटन विद्यापीठात त्यांच्या कार्याचे प्रदर्शन भरले आणि २०२० मध्ये कॅरोलाइन वॉकर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. या चरित्रलेखिका गिल यांच्याच घराण्यातील आहेत.